सांडव्यावरच्या तायडेबाई

शोकसभेचा ठराव गेल्या महिन्यात टपालाने आला. अर्ध्या पानाचा, खाली तिघांच्या सह्या. ‘कै. वत्सलाबाई तायडे, परिचारिका, या हसतमुख, मनमिळाऊ आणि गोड स्वभावाच्या होत्या.’ मी तो तीनदा वाचला. तिसऱ्या वेळी दुःखाच्या जागी राग आला, आणि त्या रागानेच हे लिहायला बसलो आहे. रोज एखादं पान होतं, कधी तेही होत नाही.

तायडेबाई हसतमुख नव्हत्या. मनमिळाऊ तर मुळीच नव्हत्या. ‘कै.’ हेसुद्धा त्यांच्या नावामागे शोभत नाही. त्या बौद्ध होत्या, कैलासाशी त्यांचा काही संबंध नव्हता. ठरावात सायकलचा उल्लेख नाही. सांडव्याचा नाही. सह्या करणाऱ्यांनी बाईंना कचेरीत पाहिलं असेल, एवढंच.

मी त्यांना सहा वर्षं पाहिलं. मलकापूर तालुक्यातल्या एका लहान गावात मी शाळामास्तर होतो आणि त्या तिथल्या नर्स. त्यांचा दवाखाना म्हणजे चावडीमागची एक खोली, आणि हद्दीत सात गावं. गाव तलावाच्या टोकाशी होतं. डांबरी सडकेचा फाटा तिथून चार मैल. तिथे मलकापूरची बस थांबे. पण हे चार मैल जुन्या रेल्वेलाइनवरून मोजलेले. इंग्रजांच्या काळी कापसाच्या गाठी वाहायला मोठ्या लाइनपासून एक छोटा लोहमार्ग काढला होता. लढाईच्या दिवसांत त्याचे रूळ उपटून नेले, ते परत आले नाहीत. लाकडी स्लीपर गावाने नेले. गावातल्या निम्म्या घरांच्या चौकटींना अजून खिळ्यांची भोकं आहेत. राहिला तो नुसता भराव. सरळ, सपाट, एक गाडी जाईल एवढा रुंद. लोक त्याला अजून ‘लाइन’च म्हणत.

तीन मैल ही लाइन तलावाच्या काठाने जाते. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला वावरं. थंडीत पाण्यावर बदकं उतरतात, फाल्गुनात उताराचे पळस फुलून लाल होतात. सायकल घातली की पायडल मारावंच लागत नाही असं वाटतं, कारण रेल्वेवाल्यांनी कुठे चढ ठेवलेला नाही. मी बुलढाण्याचा, घाटावर वाढलेला. एवढी सपाट वाट मी आयुष्यात पाहिली नव्हती. पहिल्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्या वाटेने निघालो तेव्हा मला वाटलं, बदली झाली ती बरीच झाली.

मग सांडवा आला. तलाव भरला की जादा पाणी ज्या ओढ्याने वाहून जातं तो हा सांडवा. त्यावर लोखंडी पूल होता, रुळांबरोबर तोही गेला. दोन्ही तीरांवर दगडी ओटे तेवढे उरले, मध्ये पंधरा-सोळा फुटांची पोकळी, आणि खाली पुरुषभर खोल ओढा. उन्हाळ्यात उतरावं, दगडांवर पाय देत पलीकडे जावं आणि सायकल खांद्यावर घेऊन वर चढावं. पावसाळ्यात पाणी कमरेला, कधी गळ्याला. ज्याला हे नको त्याने गाडीवाटेने अकरा मैलांचा वळसा घ्यावा. पण पावसाळ्यात ती वाट काळ्या मातीची, बैलसुद्धा रुतायचे.

त्या सांडव्यातच मी बाईंना पहिल्यांदा पाहिलं. ठेंगणी, काळीसावळी बाई, पांढरं पातळ घोट्याच्या वर खोचलेलं, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट. लेडीज सायकल खांद्यावर होती आणि औषधांची पेटी पाठीला बांधलेली. मी हात पुढे केला.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “आज तुम्ही आहा, उद्या कोन राहीन?”

आणि वर चढून, सायकलवर बसून निघून गेल्या. ‘येते’ म्हणण्याची त्यांना सवय नव्हती. बोलणं संपलं की त्या जात.

सायकलच्या दांडीला एक ॲल्युमिनियमचा पेला दोरीने बांधलेला असे. चालताना तो वाजायचा, त्यामुळे घंटीची गरज पडत नसे. सुरुवातीला मला वाटलं, पाणी प्यायला असेल. पुढे कळलं. बाळंतिणीच्या घरी बाईंचे हात सगळ्यांना चालत, पण चहाची वेळ आली की घरात कुजबुज सुरू व्हायची, कोणती कपबशी द्यायची म्हणून. बाई ती कुजबुज होऊच देत नसत. चुलीवर आधण चढलं की पेला पुढे करायच्या. “ह्याच्यात ओता.” झालं. यावर त्या कधी बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

त्यांचा खरा राग होता तो वेळ सांगण्याच्या पद्धतीवर.

“कळा कधी सुरू झाल्या?”

“गुरं सुटली तवा.”

“घड्याळात सांग.”

“घड्याळ कुठं हाय बाई आमच्या घरी?”

शेवटी त्यांनी एक वही केली. गुरं सुटली म्हणजे साडेसहा. पोरं शाळेतून आली म्हणजे पाच. मालगाडीचा आवाज आला म्हणजे सव्वातीन, पण वारा पूर्वेचा असेल तरच, कारण मोठी लाइन फार दूर होती. सात गावांच्या सात तऱ्हा त्यांनी लिहून काढल्या होत्या. एका गावात ‘भाकरी झाल्या’ म्हणजे दहा आणि शेजारच्या गावात बारा. “काऊन?” त्या मला विचारायच्या, जणू मी जबाबदार. “दोन मैलांवर गाव आहे, भाकरीले दोन तास फरक काऊन?” काऊन हा त्यांचा आवडता शब्द. उत्तर ऐकायला त्या थांबत नसत.

एका सोमवारी सकाळी चौथीच्या वर्गात त्या सरळ आत आल्या. मुलं उभी राहिली.

“मास्तर, तुमचं अक्षर चांगलं आहे म्हनते गाव. मले एक अर्ज पाह्यजे.”

“कसला?”

“पुलाचा. सांडव्यावर.”

“बसा ना.”

“बसाले नाही आली.”

मी त्या वेळी खूप वाचत असे, आणि वाचलेलं कुठेतरी वापरावं असं वाटायचं. रात्री बसून दोन पानी अर्ज लिहिला. ‘निसर्गरम्य तलावाच्या काठाने जाणाऱ्या या ऐतिहासिक लोहमार्गावर’ अशी सुरुवात होती. सकाळी बाईंनी तो उभ्यानेच वाचला. माझ्या टेबलावरची लाल पेन्सिल घेतली, जी मी मुलांच्या वह्यांवर चालवत असे.

“हे निसर्गरम्य काढा.”

“का? आहेच की.”

“निसर्गरम्य वाचलं की साहेब लोक डबा घेऊन सहलीले येतीन. पूल कोन बांधते सहलीसाठी?” त्यांनी ऐतिहासिकही काटलं. “गेल्या वर्षी पावसाळ्यात किती बायांले फाट्यावर न्यायचं होतं आन् किती नेता आल्या, एवढं लिहा. आकडे माझ्या वहीत आहेत. बाकी कागद कोरा राहिला तरी चालते.”

अर्ज सात ओळींचा झाला. माझ्या हातून लिहिलं गेलेलं ते सगळ्यात चांगलं गद्य असावं.

त्यानंतर अर्जांची मालिका सुरू झाली. एका कचेरीने कळवलं, रूळ नाहीत तिथे आमचं काही नाही. दुसरीने कळवलं, ओढ्यातलं पाणी आमचं, पण दगडी ओटे आमचे नाहीत. तिसरीने कळवलं, सदर मार्ग रस्त्यांच्या नोंदवहीत नाही. जो रस्ता नाही त्यावर पूल देता येत नाही. मग नोंदवहीत घ्या म्हणून अर्ज. त्याला उत्तर, की ओढ्यावर पूल नसल्याने हा मार्ग अखंड नाही, सबब नोंद घेता येत नाही. हे पत्र बाईंनी शाळेत आणलं आणि माझ्यासमोर धरलं.

“वाचा. मोठ्यानं वाचा. मलेच असं वाटून राह्यलं का तुम्हालेबी?”

मी वाचलं. चौथीतला एक मुलगा हसला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “हा साहेब व्हायच्या लायक नाही. याले समजते.”

दरम्यान मी कधी कधी शनिवारी त्यांच्याबरोबर फाट्यापर्यंत सायकलने जात असे. मी पाण्याकडे पाहत चालवायचो. “खाली पाहा,” त्या मागून ओरडायच्या, “गिट्टी आहे.” गवताखाली रेल्वेची जुनी खडी अजून होती आणि मी तीनदा पडलो होतो. त्या एकदाही पडल्या नव्हत्या. तलाव त्यांना दिसत नाही अशी माझी समजूत होती. एका पौषातल्या सकाळी मात्र त्या अचानक उतरल्या. पाण्यावर धुकं होतं आणि त्यात शेकडो बदकं बसली होती. बाई बराच वेळ पाहत राहिल्या. मला वाटलं, आता काही बोलतील.

“हे एवढ्या लांबून येतात,” त्या म्हणाल्या. “यायले सांडवा आडवा येत नाही.” आणि सायकलवर बसल्या.

पाटलांच्या मुलीची गोष्ट त्याच वर्षीच्या भादव्यातली. दौलतराव पाटील गावचे सरपंच. उंच, अबोल, डोक्याला फेटा. त्यांची एकुलती मुलगी कमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. कळा सुरू झाल्या, दिवस उलटला, सुटका होईना. बाईंनी तपासलं आणि पाटलांना बाहेर बोलावलं.

“मलकापूर. आता निघा.”

बाजेला बांबू बांधून चौघांनी उचललं. बाई पुढे सायकल हातात धरून, पाटील बाजेच्या बाजूने, मागे मी कंदील आणि सामान घेऊन. दुपारची वेळ होती, पण परतायला अंधार होणार होता. लाइनवरून तीन मैल आम्ही धावतच गेलो. घाटाकडे पाऊस झाला असावा. सांडवा दुथडी भरून चालला होता.

पोहणारा एक जण उतरला तो वीस हात वाहत गेला. बाज न्यायची सोय नव्हती. पलीकडचा दगडी ओटा एवढा जवळ होता की त्यावरचं शेवाळ दिसत होतं. त्या ओट्यापासून फाटा एक मैल. बाईंनी आडोशाला पातळ धरायला लावलं, कमलला तपासलं, तिच्याशी अगदी हळू आवाजात बोलल्या. तो आवाज मी तेवढा एकदाच ऐकला. मग ओट्याच्या कडेला जाऊन बसल्या, आणि पाण्यात एक काठी रोवून तिच्यावरची ओल किती उतरते ते घड्याळात पाहत राहिल्या. चार तास. पाटील उभे होते. चार तास ते बसले नाहीत.

पाणी छातीवर आलं तेव्हा बाज डोक्यावर घेऊन नेली. कमल वाचली. मूल गेलं. मुलगा होता.

परत आल्यावर पाटील बाईंच्या खोलीवर आले. आत आले नाहीत, दारातच बोलले. “सिस्टरबाई, त्या अर्जावर माही सही घ्या. साऱ्या गावाच्या घ्या.”

एकशे चाळीस सह्या आणि अंगठे झाले. पाटील तो कागद घेऊन स्वतः बुलढाण्याला तीनदा गेले. आणि माघात कळलं, मोठे साहेब जागा पाहायला येणार.

बाई त्या दिवशी जवळजवळ हसल्या. मग लगेच चावडीवर सगळ्यांना जमवलं.

“आयका. साहेब फाट्याकून येतीन. जीप सांडव्याशी थांबन. तिथून त्यायले खाली उतरू द्या, चिखलात पाय टाकू द्या, वर चढू द्या. कोनी हात द्यायचा नाही. कोनी काही साफ करायचं नाही. त्यायचे बूट भिजले पाह्यजेत. बूट भिजल्याबिगर पूल होत नाही. समजलं?”

“समजलं,” लोक म्हणाले.

बाईंना सहा दिवस बुलढाण्याला शिबिराला जायचं होतं. जाताना त्या शाळेत आल्या आणि मला एकट्याला पुन्हा तेच बजावलं. “तुमच्यावर सोडून चालली.” साहेब यायचे त्याच सकाळी त्या परतणार होत्या.

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी चावडीवर मोतीराम सुतार म्हणाला, “पाटील, आपल्या गावात आजवर मोठा साहेब आला नाही. पयल्यांदा येऊन राह्यला, आन् आपण त्याले चिखलात उतरवाव?”

“सिस्टरबाईनं सांगतलं हाय,” कोणीतरी म्हणालं.

“बाई नोकरदार हायेत. उद्या बदलून जातीन. नाव गावाचं जाईन. फाट्यावरचे लोक म्हनतीन, यायले पाव्हना कसा आणाव ते समजत नाही.”

सगळ्यांनी पाटलांकडे पाहिलं. त्यांनी फेटा सारखा केला. मग म्हणाले, “बुजवा.”

त्या एका शब्दाचा मी पुढे फार विचार केला. तेव्हा मला वाटलं, इभ्रतीसाठी. आता वाटतं, त्या ओट्यावर उभं राहून परक्या माणसाला ‘इथेच’ म्हणून दाखवणं त्यांना झेपणार नव्हतं. पण हे माझं वाटणं. ते कधी बोलले नाहीत.

तीन दिवस गाव राबलं. कापूस वेचून झाला होता, पऱ्हाट्यांचे ढीग वावरात उभे होते. त्यांचे भारे बांधून पोकळीत टाकले. खालून पाण्याला वाट राहावी म्हणून मोठे दगड रचले, वर बाभळीची खोडं, वर मुरूम. पस्तीस-चाळीस गाड्या मुरूम पडला असेल. बायकांनी पाणी मारलं, चोपण्याने चोपलं, आणि शेवटी वरून शेणाचा सडा घातला. दोन्ही ओट्यांवर केळीचे खांब लागले. इतकं नीट काम त्या गावाने पूर्वी केलं नव्हतं. आणि मी? मी पाटलांकडे गेलो होतो, ‘बाईंनी सांगितलंय’ एवढं म्हणालो होतो. पाटील म्हणाले, “मास्तर, पोरायले एखादं स्वागतगीत बसवा.” मी बसवलं. फळ्यावर ‘सुस्वागतम्’ लिहून तो फळा बैलगाडीतून सांडव्यावर नेला. माझं अक्षर चांगलं होतं.

त्या सकाळी आम्ही सगळे गावाकडच्या ओट्यावर उभे होतो. लांबून लाइनवर पांढरा ठिपका दिसला. बाई येत होत्या. फाट्यावर चहावाल्याकडे ठेवलेली सायकल घेऊन, साहेबांच्या आधी पोचायचं म्हणून जोरात. ओट्याजवळ आल्या की त्या नेहमी उतरत. त्या दिवशीही त्यांचा एक पाय खाली आला. पण पुढे वाट होती. त्या तशाच पुढे आल्या. चार वर्षांत पहिल्यांदा त्या सांडवा सायकलवर बसून ओलांडत होत्या. मध्यावर आल्यावर त्यांनी खाली पाहिलं, मग केळीचे खांब पाहिले, मग फळा.

उतरून त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. काऊन म्हणाल्या नाहीत. मागून जीपचा आवाज आला.

जीप न थांबता वरून पार झाली. मुलांनी गाणं सुरू केलं. साहेब उतरले, हार झाला, नारळ झाला. साहेब वाईट माणूस नव्हते. मागे चालत गेले, मुरुमावर टाच आपटून पाहिली, वाकून कडेचे दगड पाहिले.

“हे कोणी केलं?”

“गावानं,” मोतीराम म्हणाला. “तीन दिसात.”

“श्रमदान,” साहेब म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. त्या दिवसांत त्या शब्दाला फार मान होता.

बाई पुढे झाल्या. आमच्याशी बोलताना ज्या भाषेत त्या कोणालाही उभं चिरत, ती भाषा त्यांनी साहेबांसमोर बाजूला ठेवली. शाळेतली शुद्ध भाषा घेतली, आणि तिथेच त्यांचा आवाज लहान झाला.

“साहेब, हे काम तात्पुरतं आहे. आपण येणार म्हणून केलं आहे. पाऊस आला की हे वाहून जाईल. इथे एक मूल दगावलं आहे.”

“तुम्ही?”

“मी इथली नर्स.”

“बाई, गावाच्या कष्टांना कमी लेखू नका. आज मी जीपने आलो, उद्या तुमचा पेशंट गाडीने जाईल.”

“उद्या जाईल, साहेब. आषाढात जाणार नाही.” त्या वळल्या. “मास्तर, तुम्ही सांगा.”

पाटील जमिनीकडे पाहत होते. मुलं गाणं संपवून माझ्याकडे पाहत होती, पुन्हा म्हणायचं का म्हणून. सगळं गाव केळीच्या खांबांशी उभं होतं, तीन दिवसांच्या मातीचे हात घेऊन. मी म्हणालो, “पावसाळ्यात साहेब, जरा...” आणि थांबलो. पुढचे शब्द मला येत होते. मी ते बोललो नाही.

साहेबांनी चहा घेतला. जाताना गावाचं कौतुक लिहून पाठवतो म्हणाले, आणि दिलेला शब्द पाळला. पंधरा दिवसांनी छापील प्रशस्तिपत्र आलं. चावडीत चौकटीत लावलं गेलं.

आषाढात सांडवा एका दुपारी आला आणि भराव घेऊन गेला. पऱ्हाट्यांचे भारे महिनाभर खालच्या वावरांत अडकलेले दिसत होते. ओटे पुन्हा पूर्वीसारखे समोरासमोर उभे राहिले. बाई खांद्यावर सायकल घेऊन पुन्हा उतरू लागल्या. लोकांना त्यांच्यासमोर यायला लाज वाटे. त्या मात्र पूर्वीसारख्याच घरात शिरत, पेला पुढे करत, वेळ विचारत. मोतीरामाच्या सुनेचं बाळंतपण त्यांनी त्याच श्रावणात केलं. मोतीराम पाया पडायला आला तेव्हा म्हणाल्या, “बाजूले हो, उजेड अडते.”

अर्ज पुन्हा गेला. उत्तर आलं: सदर ठिकाणी पूल श्रमदानातून पूर्ण झाल्याचे अभिलेखावरून दिसते, सबब नवीन पुलाचा प्रश्न उद्भवत नाही. मग दुरुस्तीचा अर्ज. उत्तर: सदर पूल या कार्यालयाने बांधलेला नसल्याने दुरुस्ती करता येत नाही. म्हणजे कागदावर पूल होता आणि कोणाचा नव्हता. ही दोन पत्रं मला बाईंनी दाखवली नाहीत. पोस्टमनने सांगितली. कारण हे अर्ज त्यांनी मला लिहायला दिलेच नव्हते. खोलीवर बसून त्या स्वतः लिहीत. त्यांचं अक्षर फार वाईट होतं, औषधांच्या चिठ्ठ्यांवरचं. मी एकदा विचारलं, “मी लिहून देऊ?”

“तुम्हाले शाळा असते,” त्या म्हणाल्या.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रोज भेटत, रोज बोलत, शाळेतल्या मुलांचे कान-डोळे तपासत. फक्त ते एक काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. दोन वर्षं असंच चाललं. पूल झाला नाही. आजही नाही, मी गेल्या वर्षी चौकशी केली.

माझी बदली बुलढाण्याला झाली ती श्रावणात. ट्रंक आणि अंथरूण मी आदल्या दिवशी गाडीवाटेने पाठवलं होतं. ते फाट्यावर कधी पोचेल याचा भरवसा नव्हता. मी लाइनने निघालो, डोक्यावर पुस्तकांचं एक गाठोडं घेऊन, कारण ती गाडीवर सोडायला मन होईना. बाईंना सांगायला खोलीवर गेलो होतो, कुलूप होतं. त्या पहाटेच बाळंतपणाला फाट्याकडच्या वस्तीवर गेल्या होत्या. तीन मैल मी मनात वाक्य जुळवत होतो. फार मोठं नव्हतं. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, एवढंच.

सांडव्याला पाणी कमरेएवढं होतं. मी चप्पल काढून उतरलो, आणि चार पावलं गेल्यावर समोरच्या ओट्यावरून बाई उतरताना दिसल्या. पाठीला पेटी, खांद्यावर सायकल, पेला दांडीशी वाजत होता. पाण्याच्या मधोमध आम्ही समोरासमोर आलो. मी थांबलो. माझ्या डोक्यावर पुस्तकं होती, दोन्ही हात त्यांना लागलेले.

“चालले?” त्या म्हणाल्या.

“हो. बुलढाण्याला. बाई, त्या दिवशी मी...”

“उजवीकून जाऊ नका, दगड निसटून राह्यले. डाव्या अंगानं जा.”

“मी म्हणत होतो...”

“मास्तर,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी सायकल खांद्यावर नीट सारून घेतली, “पानी वाढून राह्यलं. पाय काढा.”

आणि माझ्या बाजूने निघून गेल्या. पाणी खरंच वाढत होतं. मला ते छातीशी लागलं तेव्हा कळलं. मी डाव्या अंगाने गेलो. पलीकडच्या ओट्यावर चढून, गाठोडं खाली ठेवून मागे वळलो, तोवर त्या लाइनवर पोचल्या होत्या. ओलं पातळ पिळलं, पाय टाकला आणि गावाकडे निघाल्या. डावीकडे सगळा तलाव भरलेला होता. त्या खाली पाहून चालवत होत्या.